बेकन आणि कांदा: बेकरीमागच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

२ जून

राजारामपुरीतली आमची बेकरी आजोबांच्या वेळची. पुढं काउंटर आणि चार टेबलं, मागं भट्टी, भट्टीच्या अंगाला पत्रा घालून केलेलं अरुंद स्वयंपाकघर. पहाटे स्लाइस ब्रेड मिसळवाल्यांकडं रवाना होतो (कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस लागते, पाव नव्हे, पुण्याच्या पाहुण्यांना हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं). मग अकरापर्यंत काउंटरवर माश्या मारायच्या. गोव्याला निघालेली पोरं गाडी थांबवून विचारतात, "बेकन मिळंल काय?" वर्षभर नाही म्हणतोय. या पावसाळ्यात हो म्हणायचं ठरवलं.

पदार्थ एकच. भाजलेली स्लाइस, तिच्यावर मंद आचेवर परतलेला कांदा, वर बेकन. मुदत २४ जुलैची, कारण त्या दिवशी दिव्याची अवस आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्याआधी जमलं तर जमलं, नाहीतर गौरी-गणपतीनंतर बघायचं.

आत्याला सांगितलं. तिनं बावीस वर्षं खानावळ चालवली आहे, आता गुडघ्यांमुळं बसून असते, म्हणजे बसल्या जागेवरून हुकूम सोडते. ती डुक्कर खात नाही. तिच्या अटी: "तवा येगळा, सुरी येगळी, फडकं येगळं. माझ्या पातेल्याला लावलंस तर बघ. आन कांद्यात मी बोलणार." भट्टीवरचे मामाही या मांसाला हात लावत नाहीत. त्यांना विचारून फ्रीजरचा खालचा कप्पा, लाल मुठीची सुरी आणि एक फळी बाजूला काढली. फळीवर खूण केली. ही सोय आधी झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

३ जून

पहिल्याच दिवशी जाळलं.

चूक माझी. सुरमई तळतात तसा तवा कडक तापवला, तेल सोडलं आणि पट्ट्या टाकल्या. मिनिटाभरात पट्ट्या आकसून द्रोणासारख्या झाल्या, लाल भाग काळा पडला आणि चरबी पांढरीच राहिली, चावायला रबर. धूर इतका की मामा भट्टी सोडून बघायला आले.

विचार केल्यावर कारण कळलं. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस, मीठ, थोडी साखर आणि नायट्राइट लावून मुरवलेलं, मग धूर दिलेलं. त्यात मांसाचा एक थर, चरबीचा एक थर. मांस पातळ, ते पटकन वाळतं. चरबीला वितळायला वेळ लागतो. जाळ मोठा असला की मांस करपून मोकळं होतं, चरबीची अजून सुरुवातही झालेली नसते. लावलेली साखर जळते ते आणखी वेगळं. आणि तेल कशाला ओतलं मी? त्याच्या पोटात त्याचं तेल आहे की.

आणखी एक लक्षात ठेवायचं: रंगावरून कच्चं-पक्कं ठरवायचं नाही. नायट्राइटमुळं हे मांस शिजल्यावरही गुलाबीच राहतं. मटणाची सवय असलेल्या डोळ्याला ते कच्चं वाटतं आणि माणूस जास्त जाळतो.

५ जून

आज जमलं. बिडाचा जाड तवा, गार. पट्ट्या एकमेकींवर न चढवता पसरल्या, वरून पाव वाटी पाणी, मग खाली गॅस पेटवला, बारीक. पाणी आहे तोवर तव्यावरचा मामला १०० अंशांच्या वर जात नाही. तेवढ्या वेळात चरबी निवांत सुटायला लागते. पाणी आटलं की पट्ट्या स्वतःच्याच चरबीत तळल्या जातात. एकूण चौदा मिनिटं, मध्ये तीनदा उलटल्या. कडा सपाट राहाव्यात म्हणून वर एक लहान तवा उपडा ठेवला. (वरवंटा ठेवणार होतो. आत्यानं नुसतं बघितलं.)

वजनं घेतली. कच्चं २०० ग्रॅम. तयार पट्ट्या ७२ ग्रॅम, गाळून घेतलेली चरबी ६८ ग्रॅम. उरलेलं सगळं पाणी, वाफ होऊन गेलेलं. हे आकडे माझ्या पाकिटाचे, दुसऱ्या पाकिटात चरबी कमी-जास्त असणार. पण हिशोब हाच धरायचा: पाकिटावरच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा ताटात येतो. दर ठरवताना हे विसरलो असतो तर महिनाभरात काउंटर बंद.

सुरुवातीला पाण्याची रटरट, ते आटलं की चरचर, आणि शेवटी आवाज खाली येऊन तव्यावर बारीक पांढरा फेस चढतो. फेस दिसला की मिनिटभरात काढायचं. तव्यातून काढताना पट्टी थोडी मऊ वाटली तरी चालतं, कागदावर निवून कडक होते. तव्यातच कडक झाली तर ताटात कोळसा.

कापायची युक्तीही सापडली. पूर्ण वितळलेल्या पट्ट्या सुरीखाली घसरतात. फ्रीजरमधून काढून अर्धवट घट्ट असतानाच तुकडे करायचे.

९ जून

कांदा घ्यायला कपिलतीर्थ मंडईत. आत्या सोबत, रिक्षानं. तिनं कांदा हातात घेतला, मानेजवळ अंगठ्यानं दाबला, वास घेतला आणि ठेवून दिला. तिसऱ्या दुकानात घेतला. मी विचारलं, काय बघतेस? "मान. मान मऊ म्हंजे आत पाणी गेलंय."

सध्या बाजारात उन्हाळी कांदा आहे, रब्बीचा, एप्रिल-मेमध्ये काढलेला. चांगला वाळवलेला असला तर चाळीत पाच-सहा महिने टिकतो. आपल्या कामाला हाच बरा, पाणी कमी आणि साल जाड. दिवाळीच्या सुमाराला येणारा खरिपाचा पोळ कांदा जास्त पाणेरी, टिकत नाही; तो आला की परतायला वेळ जास्त लागणार, तेव्हा वेळेचा आकडा नव्यानं लिहायचा. अलिबागचा पांढरा कांदा गोडीला उत्तम, भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, पण तो कच्चा खायचा. परतून त्याचं वेगळेपण कशाला मारायचं.

दहा किलो आणला. पोत्यात न ठेवता जाळीच्या टोपलीत, हवेशीर. बटाट्यांशेजारी नाही, दोघंही लवकर मोड काढतात. फ्रीजमध्येही नाही.

११ जून

चिरण्यावरून भांडण.

मी यंत्रावर आडव्या चकत्या काढत होतो. आत्या म्हणाली, उभा चीर. मला वाटलं नुसती सवय बोलतेय. म्हणून दोन्ही करून बघितलं, अर्धा-अर्धा किलो, सारखा तवा, सारखी आच. आडव्या चकत्या पस्तीस मिनिटांत विरघळून लगदा झाल्या. देठाकडून बुडख्याकडं चिरलेल्या फाका मऊ झाल्या तरी धागा धरून राहिल्या. कांद्याच्या शिरा उभ्या असतात, त्या आडव्या तुटल्या की आधारच जातो. स्लाइसवर घालायला धागा हवा, लगदा झाला तर ब्रेड भिजतो. आत्याला सांगितलं. "मग मी काय सांगत हुतो?" (ती कधीकधी आजोबांसारखं बोलते.)

बुडखा शेवटपर्यंत कापायचा नाही, त्यानं पाकळ्या एकत्र राहतात आणि सुरी सटकत नाही.

डोळ्यांतल्या पाण्याचं. कांदा अख्खा असताना रडवत नाही, कारण त्यातला गंधकाचा पदार्थ आणि विकरं (एन्झाइम) वेगवेगळ्या खणांत असतात. सुरी लागली की खण फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारा वायू तयार होतो. बरीच वर्षं हे एकाच विकराचं काम समजत होते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की रडवायचं काम करणारं दुसरं, वेगळंच विकर आहे. पुढं २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. रडण्याच्या शोधाला हसण्याचं बक्षीस, बरोबरच आहे.

व्यवहारात: सुरी धारदार, कारण बोथट सुरी कापत नाही, चेंगरते, आणि खण जास्त फुटतात. सोलून अर्धे केलेले कांदे दहा मिनिटं गार पाण्यात, गारव्यानं विकर मंदावतं. आत्या हे चाळीस वर्षं करतेय, जपानला न विचारता.

१४ जून

आजचा दिवस कांद्याचा. १ किलो, उभा चिरलेला, बेकनच्या चरबीत दोन मोठे चमचे. बेकन आधी काढून ठेवलेलं.

आत्याशी पहिला मतभेद इथं. तांबड्या रश्श्याचा कांदा ती कडक तेलात परतते, दहा-बारा मिनिटांत तांबूस, कडा खमंग. वाटणाचा तर थेट जाळावर भाजते, वरून काळा. दोन्ही बरोबर, पण दोन्हीत आतलं पाणी पुरतं गेलेलं नसतं. पुढं रस्सा उकळणार असतो, त्यामुळं बिघडत नाही. स्लाइसवरचा कांदा तिथंच संपतो. त्याला गोडी आतपर्यंत यायला हवी.

कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणी. ते असेपर्यंत कांदा वाफेवर शिजतो, रंग पकडत नाही. पाणी गेलं की तापमान चढतं, १४० अंशांच्या पुढं साखर आणि प्रथिनं मिळून तो तपकिरी रंग आणि वास तयार करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली, ब्रेडची कडा भाजताना आमच्या भट्टीत रोज तीच होते. म्हणजे घाई केली तर बाहेर काळा आणि आत पाणचट.

पहिली दहा मिनिटं झाकण ठेवून. मग झाकण काढून मंद आच. वीस मिनिटांनी पिवळट, तीसला गुलाबी, आणि पुढं दर दोन मिनिटांनी तळाला तपकिरी खरवड. खरवड करपायच्या आत दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्यानं सोडवायची, ती कांद्यात जिरते. असं चार वेळा. ४८ मिनिटांनी १ किलोचे २६० ग्रॅम.

आत्यानं चरबीशिवाय, शेंगतेलात केलेला चमचाभर खाल्ला. "गोड हाय. साखर घातलास?" नाही घातली. "मग बरं हाय." माझ्या आठवणीत तिनं दुसऱ्याच्या कांद्याला बरं म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

१७ जून

पाऊस. पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि बेकन जळलं! चार पाकिटं, उद्याची सगळी तयारी. तोंड फिरवून कांदा चिरत होतो, मला वाटलं चरचर ऐकू येतेय. ती पत्र्यावरची होती.

इतके दिवस मी तव्याकडं बघत नव्हतो, कानानं चालत होतो, हे आज कळलं. आत्यालाही विचारलं, तू फोडणी कशी ओळखतेस? ती म्हणाली, मोहरी थांबली की. ती बघत नाही, ऐकते. पावसात काय करतेस मग? "जवळ उभी ऱ्हातो."

घड्याळाचा गजर लावायला सुरुवात केली, दर चार मिनिटांनी. आणि पाऊस मोठा असला की तव्यासमोर दुसरं काम हातात घ्यायचं नाही.

२१ जून

वेळ वाचवायचे प्रयोग, तिन्ही मोडीत. थोडक्यात लिहितो. खायचा सोडा चिमूटभर: रंग निम्म्या वेळात, पण कांद्याचा गिलावा आणि साबणासारखा वास. सुरुवातीलाच गूळ: गूळ आधी जळतो. मोठ्या जाळावर सारखं हलवत: हात भरून आले, चव भजीतल्या कांद्याची.

मीठ सुरुवातीला घातलं तर पाणी लवकर सुटतं, हे खरं. पण ते बेकनशिवायच्या कांद्यासाठी. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर असलं आंबट सुरुवातीला कधीच नाही, आंबटानं कांदा कडक राहतो.

२५ जून

दोघांना एकत्र आणायचा दिवस. क्रम तीन तऱ्हेनं केला.

बेकन आणि कांदा एकदम तव्यात: कांद्याच्या पाण्यानं बेकन वाफाळलं, कातड्यासारखं झालं. नापास. कांदा आधी, बेकन नंतर: चरबी वर तरंगत राहिली, कांद्यात शिरली नाही. बेकन आधी, ते काढून त्याच न पुसलेल्या तव्यात कांदा: हेच. तव्याच्या तळाला बेकनची जी खरवड चिकटते ती कांद्याच्या पाण्यानं आपोआप सुटते. खारटपणा आणि धुराचा वास कांद्यात उतरतो, वर कुरकुरीत पट्टी वेगळी राहते. मात्र खरवड काळी झाली असेल तर तवा धुवायचा, कडू खरवड कांद्याला कडू करते.

३० जून

मीठ. आज पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला चारलं, समोरच्या झेरॉक्सवाल्याला. एक घास खाऊन पाणी मागितलं त्यानं. सवयीनं कांद्यात मीठ घातलं होतं. आता नियम: कांद्याला मीठ नाहीच, ब्रेडला लोणी लावायचं तर बिनमिठाचं. चाखल्याशिवाय मीठदाणीला हात लावायचा नाही.

४ जुलै, कांदेनवमी

आषाढ शुद्ध नवमी. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांची शेवटची चैन. आत्या चातुर्मास पाळायची सासूबाई असेपर्यंत, आता पाळत नाही, पण नवमी सोडत नाही. सकाळपासून घरात कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, पातीचा झुणका. मला म्हणाली, तुझा तो रडतखडत केलेला कांदा आण. शेंगतेलातला अर्धा किलो करून दिला. तिनं तो थालीपिठावर घेतला आणि वर कच्चा कांदा बारीक चिरून घातला, लिंबू पिळलं.

हे मला सुचलं नव्हतं. नुसता गोड कांदा चार घासांत कंटाळा आणतो. वर थोडा कच्चा, झणझणीत, लिंबाचा. आजपासून स्लाइसवरही तसंच.

६ जुलै

आषाढी. स्वयंपाकघर बंद, भट्टीही.

९ जुलै

पुरवठादाराकडून आलेली खोकी उघडली तर सहा पाकिटं मऊ, आत गुलाबी पाणी. वाटेत कुठंतरी बर्फ सुटला होता. तो म्हणाला, फ्रीजरला टाका, परत घट्ट होतंय. घट्ट होतं, चांगलं होत नाही. वितळल्यावर वाढलेले जंतू गोठून मरत नाहीत, नुसते झोपतात. परत पाठवली, वाद झाला, पैसे अडकलेत. यापुढं सही करायच्या आधी पाकीट दाबून बघायचं, आत्या कांद्याची मान दाबते तसं.

आपल्या बाजूनं: वितळवायचं ते रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, आठवड्याच्या आत संपवायचं. चरबी कोमट असताना बारीक गाळणीतून काचेच्या बरणीत, झाकण लावून फ्रीजमध्ये. मोरीत ओतली तर गारठून नळी तुंबते.

टोपलीतले तीन कांदेही गेले. मानेला काजळी, आत पाणी. पावसात रोज टोपली उपसून बघावी लागते, एक नासका शेजारच्या चौघांना घेऊन जातो.

१४ जुलै

कोल्हापूर आत आणल्याशिवाय आमच्या गल्लीत खपणार नाही, हे मामांचं मत. ते स्वतः खाणार नाहीत, पण मत आहे. बरणीतली चमचाभर चरबी कोमट करून गॅस बंद केला, आणि मग आत्याची कांदा-लसूण चटणी चिमूटभर. लालभडक कट आला. गॅस चालू असताना घातली होती तेव्हा लसूण करपला आणि सगळ्यांना ठसका. हा कट कांद्यावर चार थेंब, जास्त नाही. धुराचा वास आणि आपली चटणी एकमेकांना ओळखतात असं वाटलं.

आत्याला सांगितलं नाही की चटणी कुठं गेली. तिला माहीत आहे. बरणीवर तिनं रेघ मारून ठेवली आहे.

१९ जुलै

विक्रीचा पहिला आठवडा संपत आला. रोज पंधरा-वीस प्लेटा, शनिवारी तीस. एका प्लेटला दोनच पट्ट्या, कांदा सढळ. एकानं चार मागितल्या, नाही म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये असं मुरवलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे. रोज ५० ग्रॅममागं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशोब. कधीमधी खाणाऱ्याला मी घाबरवणार नाही, पण रोज येणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरांना सांगितलं, एक दिवसाआड मिसळ खा. हसली. माझ्या दृष्टीनं या पदार्थात बेकन मिठासारखं आहे आणि कांदा भाजी.

कांदा सकाळी सहाला ३ किलो एकदम करतो. पण एका तव्यात नाही. गर्दी झाली की वाफ कोंडते, तासभर गेला तरी पांढराच. दोन तवे. केलेला कांदा फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतो, दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतो.

२४ जुलै

शेवटची पाकिटं आज संपली. लाल मुठीची सुरी, फळी आणि बिडाचा तवा धुऊन, तव्याला तेलाचा हात फिरवून वेगळ्या पिशवीत बांधला. बरणीतली चरबी इतके दिवस ठेवायची नाही, ती टाकली, कागदात गुंडाळून.

दुपारी मामा म्हणाले, उद्यापासून सकाळी काय? मी म्हटलं, काही नाही. आत्या आतून म्हणाली, "कांदा ठेव की. शेंगतेलातला. वर कट, कच्चा कांदा, लिंबू. श्रावणात मी कांदा खातो."

उद्यासाठी दीड किलो चिरून ठेवला आहे. उभा. पाऊस आहे, गजर चार मिनिटांवर.